रोममध्ये गट सांभाळताना शहर बघायचं कधी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टूर एस्कॉर्ट, म्हणजे गटासोबत राहून त्याला सांभाळणारी व्यक्ती, म्हणून पहिल्यांदाच पस्तीस जणांचा गट घेऊन रोमला जायचं आहे, मुक्काम तीन रात्रींचा आहे. काम नीट करून स्वतःला शहर बघता येईल का, की ती हौस बाजूला ठेवूनच निघावं?

हौस बाजूला ठेवू नका. ज्याला शहराची ओढ नाही त्याच्यासोबत गट फक्त हॉटेल आणि बस बघून परत येतो, असं माझं इतक्या वर्षांचं निरीक्षण आहे. पण एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. गट सोबत असताना तुम्ही रोम बघत नसता, गट बघत असता. तुमचं रोम वेगळ्या वेळी असतं, त्या वेळा शोधाव्या लागतात, आणि त्या सापडतात.

गटाच्या वेळेत शहर बघायचं नाही म्हणजे काय, ते व्हॅटिकनमध्ये नीट कळतं. सिस्टीन चॅपलमध्ये शिरल्यावर पस्तीसच्या पस्तीस माना वर जातात. मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलेलं ते छत आहे, माना वर जायलाच हव्यात. तुमची मान मात्र सरळ राहायला हवी. तिथे बोलायला बंदी, फोटोला बंदी, गर्दी खांद्याला खांदा लावून उभी. गाइडने सगळं आधीच बाहेरच्या अंगणात फलकांसमोर समजावलेलं असतं, त्यामुळे आत तोही गप्प असतो. आणि बाहेर पडायला दोन वाटा आहेत. एक मागे उजव्या कोपऱ्यातून, गाइडसोबतच्या गटांना थेट सेंट पीटर्स बॅसिलिकाकडे नेणारी. दुसरी डावीकडून, संग्रहालयातून फिरवून पुन्हा व्हियाले व्हॅतिकानो रस्त्यावरच्या मुख्य दाराशी सोडणारी. गटातले एक काका छत बघता बघता दुसऱ्या गटाच्या गाइडने उंच धरलेल्या छत्रीमागे डाव्या दाराने गेले, तर ते आणि तुम्ही व्हॅटिकनच्या तटबंदीच्या दोन टोकांना असता. मध्ये बरंच चालणं, आणि काकांच्या फोनला बहुधा नेटवर्क नसतं. शिवाय उजवीकडची वाट कधीकधी बंद ठेवतात, म्हणून ती आज उघडी आहे का हे गाइडला आत जाण्यापूर्वीच विचारून घ्या आणि दोन्ही शक्यतांसाठी गटाला एकच भेटण्याची जागा सांगून ठेवा. लोकल गाइड पुढे चालतो, तेव्हा तुमची जागा सगळ्यात मागे. तिकिटं दिली, कानातले रेडिओ वाटले, गाइडने ताबा घेतला, आता दोन तास मी मोकळा, असं काही जण मानतात. मला ते अजिबात मान्य नाही. कुणाला चक्कर येते, कुणाचा गुडघा जिन्यावर अडतो, तेव्हा गाइडला उरलेल्या चौतीस जणांना घेऊन पुढे जावं लागतं. मागे थांबणारं माणूस तुम्हीच.

कोलोसियमचंही असंच. 2023पासून तिथली तिकिटं नावानिशी निघतात. यादीतलं नाव पासपोर्टातल्या नावाशी जुळायला हवं, त्यामुळे पडताळणीच्या वेळी तुम्ही दाराशीच हवे. नावांची स्पेलिंग निघण्याआधी स्वतः तपासा, ऑफिसवर सोडू नका.

आता एक कायद्याची बाजू, जी नवीन लोकांना कुणी सांगत नाही. इटलीत स्मारकांपाशी आणि संग्रहालयांत माहिती देणं हे परवानाधारक गाइडचं काम आहे. डिसेंबर 2023मध्ये आलेल्या 190 क्रमांकाच्या कायद्याने या व्यवसायासाठी देशपातळीवर परीक्षा आणि नोंदणी आणली. बसमध्ये तुम्ही हवं तितकं बोला, वेळापत्रक सांगा, इतिहासही सांगा. पण फोरमसमोर, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांसमोर, उभं राहून हात उंचावून सीझरची गोष्ट सांगू लागलात तर दंडाची वेळ येऊ शकते. हे केवळ दंडापुरतं नाही, तुमच्या मोकळ्या संध्याकाळशीही याचा संबंध आहे. रात्रीच्या जेवणानंतर तुम्ही एकटे ट्रेव्ही कारंज्याकडे निघता, लॉबीत दोघी भेटतात आणि म्हणतात, ‘आम्हीपण येतो की तुमच्यासोबत!’ त्या क्षणी ती तुमची मोकळी संध्याकाळ राहत नाही. कारंज्यासमोर त्या माहिती विचारणार, आणि तिथे ती देणं तुमचं काम नाही. त्यांचा पाय मुरगळला तरी जबाबदारी तुमची, पाकीट गेलं तरी तुमची. आणि सकाळी न्याहारीला बाकीचे तेहेतीस विचारणार, आम्हाला का नाही सांगितलं? माझा नियम सोपा आहे. संध्याकाळी फिरायला जायचं तर सगळ्यांसाठी जाहीर करून न्यायचं, नाहीतर एकट्याने जायचं. निवडक दोघाचौघांना घेऊन कधीच नाही. पहिल्या रात्री जाहीर फेरी करा, लोक खूश होतात. दुसरी रात्र स्वतःकडे ठेवा आणि ‘आज मी उपलब्ध नाही, फोन चालू आहे’ हे बसमध्ये स्पष्ट सांगा. पाहुण्यांना स्पष्ट बोललेलं कळतं. अर्धवट हसून टाळलेलं मात्र खुपतं.

मग तुमच्या वेळा कुठल्या? त्या कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेल्या नसतात, त्या ड्रायव्हरच्या तासांत लपलेल्या असतात. युरोपियन युनियनच्या 561/2006 या नियमाप्रमाणे कोचच्या ड्रायव्हरला दिवसाला नऊ तास गाडी चालवता येते, आठवड्यातून दोनदा दहा. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची विश्रांती घ्यावी लागते आणि रोज सलग अकरा तास आराम लागतो. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदा तो नऊ तासांवर आणता येतो. टॅकोग्राफ या गाडीतल्या नोंदयंत्रात सगळी नोंद होते, त्यात कुणाच्या विनंतीला जागा नाही. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की सकाळी साडेसातला कोच निघाला असेल, तर अकरा तासांच्या आरामासाठी साधारण रात्री साडेआठपर्यंत त्या ड्रायव्हरचा दिवस संपायलाच हवा. म्हणजे गट हॉटेलवर परत आलेलाच असतो. टूर सुरू होण्याआधीच प्रत्येक दिवसासमोर कोच किती वाजता सुटतो आणि किती वाजता मोकळा होतो हे पेन्सिलने लिहून काढा. रोमचे तुमचे खरे तास त्या कागदावर उमटतील. फ्लॉरेन्सहून रोमला येण्याचा दिवस, म्हणजे सुमारे 280 किलोमीटरचा प्रवास, बहुतेकदा दुपारी संपतो आणि त्या दिवशी कोच लवकर सुटतो. ती संध्याकाळ सोन्यासारखी आहे. हॉटेलवाले पोलिसांकडच्या नोंदणीसाठी सगळ्यांचे पासपोर्ट मागतात, खोल्या वाटपात एक तास जातो, कुणाला डबल बेड हवा असतो तर कुणाला वेगळे. ते सगळं उरकल्यावरही बराच उजेड शिल्लक असतो, निदान उन्हाळ्यात.

हॉटेल मात्र मध्यवस्तीत असेल अशी आशा ठेवू नका. रोमच्या ऐतिहासिक भागात पर्यटक कोचना प्रवेश नाही, 2019पासून हे नियम फार कडक झाले आहेत, म्हणून गटांची हॉटेलं पुष्कळदा व्हिया आउरेलिया या रस्त्याच्या बाजूला किंवा रिंगरोडजवळ असतात. जवळचं मेट्रो स्टेशन कोणतं आणि तिथपर्यंत बस कोणती, हे पोचल्या पोचल्या रिसेप्शनला विचारा. आउरेलियाकडे असाल तर बहुधा ए मार्गावरचं कॉर्नेलिया. मेट्रो पहाटे साडेपाचला सुरू होते आणि रात्री साडेअकराला थांबते, शुक्रवार-शनिवारी दीड वाजेपर्यंत चालते. साधं तिकीट दीड युरोचं, शंभर मिनिटं चालणारं.

पहाट हीच माझ्या लेखी एस्कॉर्टची खरी वेळ. गट झोपलेला असतो, फोन शांत असतो, पहिली तक्रार न्याहारीच्या टेबलावरच यायची असते. सेंट पीटर्स बॅसिलिका सकाळी सातला उघडते. त्या वेळी चौकातल्या तपासणीच्या रांगेत थोडीच माणसं असतात. आत शिरल्यावर उजवीकडच्या पहिल्याच चॅपलमध्ये ‘पिएता’ आहे, मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीचं शिल्प. ती काचेमागे आहे, आणि दुपारी तिथे चार-पाच ओळी उभ्या असतात. सकाळी सव्वासातला तुम्ही आणि दोन-तीन प्रार्थनेला आलेली माणसं, एवढेच. मायकेलअँजेलोने ती घडवली तेव्हा तो पंचविशीही गाठलेला नव्हता. आईच्या मांडीवरच्या त्या निष्प्राण हाताकडे पाच मिनिटं एकटं बघायला मिळालं की पुढच्या प्रत्येक गटाला तुम्ही तिथे वेगळ्या स्वरात घेऊन जाता. फक्त बुधवारी हे करू नका. त्या दिवशी सकाळी पोप असतील तर चौकात जाहीर दर्शनाचा कार्यक्रम असतो आणि बॅसिलिका दुपारपर्यंत बंद असते. कार्यक्रमपत्रिकेत बुधवारी सकाळी सेंट पीटर्स लिहिलेलं दिसलं तर ऑफिसला त्याच दिवशी फोन करा.

पहाटेच्या या फेरीला मी रेकीही जोडते, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तर तीच मुख्य मानावी. उद्या गटाला ज्या वाटेने न्यायचं ती आज एकट्याने चालून बघायची. ट्रेव्हीपासून पँथिऑन हे प्राचीन मंदिर आणि तिथून पिआत्सा नावोना, ही वाट तुम्हाला वीस मिनिटांची वाटेल, पण सत्तरीतल्या आजींना ती चाळीस मिनिटांची आहे. दगडी फरशी कुठे उखडली आहे, बसायला कठडा कुठे आहे, हिरव्या क्रॉसचं औषधाचं दुकान कुठे, टॅक्सीचा थांबा कुठे, पाण्याची तोटी कुठे. रस्त्यांवर ‘नासोनी’ म्हणतात त्या लोखंडी तोट्या जागोजागी आहेत आणि त्यांचं पाणी पिण्यायोग्य असतं. हे गटाला आधीच सांगितलंत तर प्रत्येकाचे बाटल्यांचे पैसे वाचतील. शौचालयाची सोय तर सगळ्यात आधी बघा, त्यावरून अख्खा दिवस बिघडतो किंवा सुधारतो. अशा पहाटे ट्रेव्हीचा चौक मोकळा असतो आणि पाण्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. पँथिऑन त्या वेळी बंद असतं, पण बाहेरचे खांब आणि आग्रिप्पाच्या नावाचा शिलालेख निवांत वाचता येतो. हे काम होतं की फिरणं, हे त्या वेळी वेगळं करता येत नाही, आणि करायची गरजही नाही.

दिवसा गटाला ‘फ्री टाइम’ दिलेला असतो त्याचं काय? नावोनाच्या चौकात पाऊण तास मोकळा सोडलात, समजा. पहिली पंधरा मिनिटं जागेवरून हलू नका. याच वेळात शौचालय, सुटे पैसे, हरवलेली टोपी, नवऱ्यापासून चुकलेली बायको, सगळं येतं. तोवर शिल्पकार बर्निनीचं चार नद्यांचं कारंजं बघा. 1651मध्ये पूर्ण झालेल्या त्या कारंज्यात नाईल, डॅन्यूब आणि रिओ दे ला प्लाता यांच्यासोबत आपली गंगा आहे, पुरुषाच्या रूपात, हातात वल्हं घेतलेली. गटाला ती दाखवून द्या, फोटोत रमतात. पंधरा मिनिटांनी सगळं शांत झालं की चौकातून तीन-चार मिनिटांवर सान लुईजी देई फ्रान्चेझी हे चर्च आहे. प्रवेश विनामूल्य. डाव्या हाताला वेदीजवळच्या शेवटच्या चॅपलमध्ये चित्रकार कॅराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत, 1599 ते 1602 या काळातली. नाणं टाकलं की दिवा लागतो. येशू मॅथ्यूला हाक मारतो त्या चित्रात उजवीकडून तिरपा उजेड येतो आणि टेबलाशी पैसे मोजत बसलेली माणसं चमकून बघतात. दिवा विझेपर्यंत ते एकच चित्र बघा आणि परत फिरा. दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी तुम्ही जागेवर हवे. ही चर्च दुपारी काही तास बंद असतात, तेव्हा फ्री टाइम त्या तासांत येत नसेल तरच हे जमतं.

‘एका वेळी एकच गोष्ट’ यावर मी फार ठाम आहे. पंधरा मिनिटांत तीन चर्च गाठणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना एकही आठवत नाही आणि घामाघूम होऊन ती गटासमोर येतात. रोममध्ये एस्कॉर्टला हे परवडतं, कारण इथली कितीतरी उत्तम कामं विनातिकीट चर्चमध्ये आहेत. सान पिएत्रो इन विंकोलीमध्ये मायकेलअँजेलोचा मोझेसचा पुतळा आहे, तो कोलोसियमपासून चढावर थोडं चालून. सांता मारिया देल पोपोलोमध्ये कॅराव्हाज्जोची आणखी दोन चित्रं आहेत. याच कारणासाठी स्वतःसाठी वेळेची तिकिटं काढू नका, असं मी सांगते. बोर्गेझे गॅलरी अप्रतिम आहे, पण तिथे आधी आरक्षण आणि दोन तासांची ठरलेली वेळ असते. त्या वेळेला तुम्ही मोकळे असाल याची कुणी हमी देऊ शकत नाही. खिशात तिकीट असलं की मन अडकतं, आणि पाहुण्याचा ताप चढत असताना मनगटावरच्या घड्याळाकडे नजर जाणं मला क्षम्य वाटत नाही.

मेट्रोने जाता-येता सान जोव्हान्नी स्टेशनवर सी मार्गाच्या बाजूला जरूर उतरा. 2018ला उघडलेल्या त्या स्टेशनात खोदकामात सापडलेल्या वस्तू मांडल्या आहेत, आणि खाली उतरताना भिंतीवर किती खोल गेल्यावर कोणता काळ लागला ते दाखवलं आहे. वेगळं तिकीट नाही, वाट वाकडी करायची नाही.

अडचणीच्या दिवसाबद्दल थोडं. पाकीटमारी टर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनाच्या परिसरात आणि व्हॅटिकनकडे जाणाऱ्या 64 नंबरच्या बसमध्ये सर्रास होते. पासपोर्ट गेला तर आधी पोलिसांत तक्रार, तिची प्रत, मग भारतीय दूतावास. तो व्हिया व्हेंती सेत्तेंब्रे रस्त्यावर पाच क्रमांकाला आहे. गट तेवढा वेळ गाइडकडे आणि स्थानिक एजंटकडे सोपवावा लागतो, त्या दोघांचे नंबर आधीच फोनमध्ये हवेत. दूतावासात बराच वेळ वाट बघावी लागू शकते, आणि पाहुणा खचलेला असतो. त्याच रस्त्यावर सतरा क्रमांकाला सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्च आहे, बर्निनीचं संत तेरेसाचं शिल्प तिथेच आहे. कागद आत दिलेले असतील आणि दुपारनंतर बोलावलं असेल, चर्च उघडं असेल, तर मी पाहुण्यालाही तिथे घेऊन जाते. संगमरवराच्या त्या कपड्याच्या चुण्या बघताना माणूस थोडा सावरतो. इथे मी माहिती देत बसत नाही, शेजारी बसते.

पैशांबाबत एवढंच. टूरचा खर्च एका पाकिटात, स्वतःचा दुसऱ्यात, आणि स्वतःचं दीड युरोचं तिकीटही टूरच्या हिशेबात टाकायचं नाही. आणि पहाटेच्या फेरीचे फोटो टूर सुरू असताना कुठेही टाकू नका. गटातला कुणीतरी ते बघतोच. ज्याच्या खोलीत गरम पाणी आलेलं नसतं त्याला तुमचा ट्रेव्हीसमोरचा हसरा चेहरा बघून जे वाटतं ते चूक नसतं.

शेवटचा भाग, मुक्काम वाढवण्याचा. सलग दोन दिवस शहर बघायचं तर तो मार्ग उत्तम, पण कागद नीट हवेत. टूर संपल्यावर मागे राहणं ऑफिस सहसा मान्य करत नाही, कारण परतीच्या विमानातही गटाला तुम्ही हवे असता. त्यापेक्षा मोसमात पाठोपाठ दोन गट मागून घ्या. एक गट निघाला आणि दुसरा दोन दिवसांनी रोमला उतरणार, ही फट खरी तुमची. तेवढ्या दिवसांच्या हॉटेलचं कोण बघणार हे लेखी ठरवून ठेवा. व्हिसाच्या अर्जात प्रवासाचं कारण काम हेच लिहा, कंपनीचं पत्र जोडा, सुट्टी असं दाखवू नका. व्हिसा हातात आला की त्यावरचा दिवसांचा आकडा वाचा. वैधतेची शेवटची तारीख अनेकदा पुढची असते, पण राहता येतं ते त्या आकड्याइतकेच दिवस, आणि उतरण्याचा व परत निघण्याचा दोन्ही दिवस त्यात धरतात. कोणत्याही 180 दिवसांत शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांत, मिळून 90 दिवस ही वरची मर्यादा. मोसमभर गट नेणाऱ्याला ती खरोखर आड येते. ऑक्टोबर 2025पासून येण्याजाण्याची नोंद संगणकावर व्हायला लागली आहे, त्यामुळे शिक्के मोजण्यात झालेली गडबड आता खपून जाणार नाही. विमाही, निदान 30 हजार युरोच्या संरक्षणाचा, त्या जास्तीच्या दिवसांना लागू आहे ना ते बघा. कंपनीचा विमा पुष्कळदा टूरच्या तारखांपुरताच असतो.

ते दोन दिवस मिळाले तर पहिला अर्धा दिवस झोपा. मग बी मार्गावर पिरामिदे स्टेशनला उतरा. समोर केस्तियसचा पिरॅमिड, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्याला लागून परदेशी प्रॉटेस्टंट लोकांची दफनभूमी आहे. 1821मध्ये रोममध्येच वारलेल्या कवी कीट्सची कबर तिथे आहे आणि तिच्यावर त्याचं नाव कोरलेलं नाही. तिथून व्हिया ओस्तिएन्सेवर सेंत्राले मोंतेमार्तिनी, जुन्या वीजकेंद्रातलं संग्रहालय. अजस्र डिझेल इंजिनांच्या पुढ्यात पांढऱ्याशुभ्र प्राचीन मूर्ती मांडल्या आहेत, आणि गर्दी जवळजवळ नसते. दुसऱ्या दिवशी त्याच पिरामिदेजवळच्या पोर्ता सान पाओलो स्टेशनवरून साध्या शहरी तिकिटात ओस्तिया आंतिकाला जा. अर्ध्या तासात रोमचं जुनं बंदर लागतं. घरं, दुकानांसमोरची मोझॅइक, नाट्यगृह, सगळं पायी फिरता येतं. संग्रहालय आणि ओस्तिया दोन्ही सोमवारी बंद असतात, म्हणून फटीत सोमवार येत असेल तर त्या दिवसासाठी दुसरं काही आधीच ठरवून ठेवा.